‘टेनिस’चा क्लब चालतो कसा? गावच्या मैदानामागचा हिशेब

वसई : वसई-विरारच्या गावांत कुणी ‘टेनिस खेळतो’ म्हटलं तर रॅकेट आणि जाळी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. इथे टेनिस म्हणजे टेनिस चेंडूचं क्रिकेट. लेदरचा तो ‘सीझन’, बाकी सगळं टेनिस. भाताची कापणी आटोपली, शेतं सुकली की आगाशी-अर्नाळ्यापासून पूर्वेच्या कामण, पारोळ, भाताण्यापर्यंत बॅनर लागतात : भव्य ओव्हरआर्म क्रिकेट स्पर्धा, प्रथम पारितोषिक अमुक, सौजन्य तमुक. हे सगळं उभं करणाऱ्या गावच्या क्लबकडे बहुतेक वेळा ना ऑफिस असतं ना पाटी. दहा-पंधरा पोरं, एक वही आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, बस्स. तरी तीन दिवसांत लाखाच्या घरातला व्यवहार या पोरांच्या हातून होतो. आणि क्लब फुटतात ते आऊट-नॉटआऊटवरून नाही, या व्यवहारावरून.

हा खेळ गावात रुजला त्याचं कारण सोपं आहे. लेदरच्या चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम, लॉन टेनिसच्या चेंडूचं ५६ ते ५९.४ ग्रॅम. पॅड, हेल्मेट, चांगली खेळपट्टी यांचा खर्च वाचतो. क्रिकेटसाठी त्याहून जड टेनिस चेंडू मिळतात आणि स्पर्धांत बहुधा तेच वापरतात. तिकडे कराचीच्या गल्ल्यांत पोरांनी याच चेंडूला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळून वेगळाच प्रकार काढला. तमिळनाडूतल्या सेलम जिल्ह्यातला टी. नटराजन टेनिस चेंडूवर यॉर्कर टाकत वर आला आणि जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला भारताकडून कसोटी खेळला. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस चेंडूची ‘आयएसपीएल’ ही लीग सुरू झाली, तेव्हापासून गावच्या पोरांच्या बोलण्यात लिलाव आणि ट्रायल हे शब्द वाढले.

पण गावची स्पर्धा ही गावचीच असते. तिचं गणित एकदा मांडून पाहण्यासारखं आहे. समजा, बाद पद्धतीने ३२ संघ घेतले. प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर जातो, म्हणजे सामने ३१. चार षटकांचा सामना असला, तरी डाव बदलणं, हरवलेला चेंडू शोधणं आणि पंचाशी हुज्जत घालणं धरून ३५-४० मिनिटं जातात. सकाळी आठला टॉस झाला तर दिवसाला दहा-अकरा सामने होतात. म्हणून स्पर्धा शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची.

आता पैसे. प्रवेश फी तीन हजार धरली तर ९६ हजार जमले. पहिलं बक्षीस ४० हजार, दुसरं २० हजार, मालिकावीर वगैरे मिळून १० हजार. उरले २६ हजार. त्यात मैदान सपाट करायचं, मंडप, माईक, पंच, समालोचक, चेंडू, चषक, पाणी, यूट्यूबवर लाईव्ह दाखवणाऱ्याचे पैसे. भागत नाही. मग सौजन्य शोधावं लागतं आणि घोळ इथेच होतो. मंचावर माईकवरून जाहीर झालेली रक्कम आणि प्रत्यक्षात हातात पडलेली रक्कम यात फरक पडतो. गावाने माईकवरचा आकडा ऐकलेला असतो, वहीत दुसराच असतो. उरलेले पैसे कुठे गेले, असा प्रश्न विचारणाराही खोटा नसतो आणि खजिनदारही चोर नसतो. वहीत ‘जाहीर’ आणि ‘जमा’ असे दोन वेगळे रकाने ठेवले, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

दुसरी अडचण मोबाईलची. फी एकाच पोराच्या नंबरवर, त्याच्या स्वतःच्या खात्यात येते. त्याच खात्यातून त्याचा रिचार्ज आणि घरचं वीजबिलही जातं. महिन्याभराने हिशेब लावायला बसलं की कुठला रुपया कुणाचा ते त्यालाच सांगता येत नाही. क्लबच्या नावाचं खातं असलं की हा ताप मिटतो. पण बँक त्यासाठी नोंदणीची कागदपत्रं आणि पॅन मागते.

हिशेबापलीकडे या तीन दिवसांत गाव एकत्र येतं, ते वेगळंच. पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती गावांत रविवारची मिस्सा सुटल्यावरच गर्दी जमते. बचत गटाच्या बायका वडापाव-चहाचा स्टॉल लावतात, आगाशीच्या बाजूला असाल तर भुजिंगचा वास येतो. समालोचक सामोवेदी, वाडवळी, आगरी, ज्या गावची असेल त्या बोलीत फलंदाजाची खेचतो आणि मध्येच हरवलेली चावी, रक्त हवं असल्याची सूचना, उद्याच्या हळदीचं आमंत्रण, सगळं त्याच माईकवर. नोकरीसाठी पहाटेची विरार लोकल पकडणारी पोरं वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत, ती इथे भेटतात. ‘एक गाव एक संघ’ हा नियम आणि आधार कार्ड तपासणं यासाठीच असतं. बाहेरचे तगडे खेळाडू आणून कप जिंकता येतो, पण गावची पोरं बाउंड्रीवर बसून राहतात. मुलींचे सामने मात्र अजून बऱ्याच ठिकाणी उद्घाटनापुरते, एखाद्या प्रदर्शनी सामन्यावर भागवले जातात. हे बदलायला जास्तीचा पैसा लागत नाही, वेळापत्रकात जागा लागते.

मैदान बऱ्याचदा कुणाच्या तरी शेतातच असतं. मालकाची तोंडी परवानगी, दोन चहा आणि ‘खेळा रे पोरांनो’. पण पावसाळ्यात त्याच चिखलात लावणीला बायका उतरतात आणि बाटलीची काच पायात जाते. पुढच्या वर्षी तो शेतकरी नाही म्हणाला तर चूक त्याची नाही. साध्या कागदावर तारखा, फुटलेला बांध कोण बांधणार आणि शेत कोण साफ करणार एवढं लिहून दोघांनी सह्या केल्या तरी पुरतं.

शहराला लागून असलेल्या गावांत शेतंच उरलेली नाहीत. तिथे विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षण कुठे आहे, ते महापालिकेकडे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जागा कुणाच्या नावावर आहे, ते सातबाऱ्यावर कळतं आणि सातबारा मोबाईलवरही दिसतो.

स्पर्धेआधी जागामालकाचं पत्र, ग्रामपंचायत किंवा पालिकेची परवानगी आणि स्पीकरसाठी पोलिसांची परवानगी हातात हवी. रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, हे प्रकाशझोतातल्या स्पर्धांनी आधीच वेळापत्रकात धरावं. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी आणि उन्हासाठी मीठ-साखरेचं पाणी लागतंच. कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर सामना थांबवून थेट १०८ ला फोन करायचा.

राहिली नोंदणी. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. सोबत १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतल्या कार्यालयात. घटना लिहावी लागते, दरवर्षी हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. नोंदणी झाल्यावर बहुतेक मंडळं एक गोष्ट विसरतात. अध्यक्ष, सचिव किंवा खजिनदार बदलला की ९० दिवसांत ‘बदल अर्ज’ द्यावा लागतो. तो दिला नाही तर गावात नवी कमिटी काम करते आणि सरकारी कागदावर जुनीच राहते. त्यातला एखादा लग्न करून नालासोपाऱ्याला राहायला गेलेला असतो, एखाद्याने खेळ सोडलेला असतो. बँकेत सही मात्र अजून त्यांचीच चालते. म्हणून नवी कमिटी निवडली की पहिल्याच बैठकीत ठराव वहीत लिहून हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात आणि बदल अर्ज कुणी, कधीपर्यंत भरायचा ते नावानिशी ठरवावं.