क्वीनची ती एकवीस मिनिटं

मागच्या गॅदरिंगला आमच्या बँडने चांगला पाऊण तास वाजवलं. गिटारिस्टचा (म्हणजे अस्मादिकांचा!) सोलो सुरू झाला तेव्हा हॉल भरलेला होता. सोलो संपला तेव्हा मागच्या आठ रांगा मेसमध्ये फीस्टच्या लाइनीत उभ्या होत्या. रात्री रूमवर तोंड पाडून बसलो, तर रूममेटने सांत्वन म्हणून लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावला. म्हणाला, “हे बघ, आणि मग रड.” तो व्हिडिओ मी त्यानंतर निदान पन्नास वेळा पाहिला असेल. त्याबद्दलच हा लेख.

१३ जुलै १९८५. लंडनचं वेम्बली स्टेडियम. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसे उभे करायला बॉब गेल्डॉफ आणि मिज युर यांनी ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम ठरवला होता. एकाच दिवशी वेम्बलीत आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला, आणि उपग्रहामार्फत जगभर टीव्हीवर. वेम्बलीत सुमारे ७२,००० माणसं. प्रत्येक बँडला साधारण वीस मिनिटं. संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला क्वीन स्टेजवर आली, तेव्हा चक्क ऊन होतं! म्हणजे लाइट शो नाही, धूर नाही, काही नाही. फ्रेडी मर्क्युरी पांढरा बनियन आणि फिकी जीन्स घालून धावत आला आणि पियानोवर बसला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही गर्दी क्वीनची नव्हती. लोक दिवसभरात डझनावारी बँड बघायला आले होते. शिवाय आदल्याच वर्षी, १९८४ मध्ये, क्वीनने वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला कार्यक्रम केले होते आणि त्यावरून त्यांच्यावर सडकून टीका झाली होती. ती टीका चुकीची होती असं मला फॅन असूनही म्हणवत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की समोरचे सगळे आपलेच आहेत असं धरून चालायची सोय त्यांना नव्हती.

मग त्यांनी काय केलं? अभ्यास केला! २०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सिनेमात बँड फुटलेला असतो आणि लाइव्ह एडसाठी पुन्हा एकत्र येतो, असं दाखवलंय. ते खरं नाही. मे १९८५ पर्यंत ते जपानमध्ये दौरा करत होते, म्हणजे हात चालू होता. तरीसुद्धा लंडनच्या शॉ थिएटरमध्ये त्यांनी घड्याळ लावून तालीम केली. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा फक्त सुरुवातीचा भाग घेतला, मधला ऑपेराचा तुकडा एरवीही स्टेजवर टेपवरून वाजायचा, तो सरळ उडवला. मग ‘रेडिओ गागा’, ‘हॅमर टू फॉल’, ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ आणि शेवटी ‘वी विल रॉक यू’ व ‘वी आर द चॅम्पियन्स’. नवीन काही ऐकवायचा हट्ट नाही, लांबलचक सोलो नाही. (हे वाक्य लिहिताना मला कसं वाटलं ते मलाच माहीत.)

आता ‘रेडिओ गागा’ बघा. डोक्यावर हात नेऊन ७२,००० लोक दोन-दोन टाळ्या वाजवतात. आपण इंजिनीअर मंडळी, तेव्हा जरा हिशोब करू. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १५० मीटरवर उभ्या माणसाला गाणं ०.४४ सेकंद उशिरा ऐकू येतं. या गाण्याचा एक ठोका अर्ध्या सेकंदाच्या आसपास आहे. म्हणजे मागचा माणूस पुढच्यापेक्षा जवळजवळ अख्खा एक ठोका मागे! तरी सगळं कोसळत का नाही? कारण टाळी सोपी आहे, आणि जो तो आपल्या आजूबाजूच्या आवाजाशी जुळवून घेतो. टाळी लाटेसारखी मागे सरकत जाते.

हा प्रकार ब्रायन मेला चांगलाच ठाऊक होता, कारण तो मुळात फिजिक्सवाला. १९७७ च्या ‘वी विल रॉक यू’मधला दोनदा पाय आपटून एक टाळी हा ठेका त्याने मुद्दाम असा रचला, की गर्दीला काहीही न शिकवता वाजवता यावा. रेकॉर्डिंगमध्ये मोजक्या माणसांचे हजारो वाटावेत म्हणून तोच आवाज थोड्याथोड्या उशिराने परत परत मिसळला, आणि ते उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे प्रतिध्वनी एकमेकांवर पडून वेगळाच ठेका तयार होऊ नये. आहे की नाही भन्नाट? याच गड्याने वडिलांबरोबर घरी गिटार बनवली: दांडा जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. तीच गिटार वेम्बलीतही होती. अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. (एटीकेटीवाल्यांनी नोंद घ्यावी!) बेस वाजवणारा जॉन डीकन तर इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डापासून त्याने अँप्लिफायर केला होता.

आणि फ्रेडी? जन्म झांझिबारचा, पारशी घरातला फारुख बलसारा. शिकला कुठे, तर आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये, तेही होस्टेलवर. पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तिथलाच. घरापासून समुद्रापार राहणारा तो दात पुढे आलेला मुलगा आपल्यासारख्याच एखाद्या विंगमध्ये वाढला, याचं मला अजून नवल वाटतं.

‘रेडिओ गागा’नंतर वाद्यं थांबतात. फ्रेडी एकटाच माइकचा अर्धा दांडा धरून उभा राहतो आणि एक तान घेतो. शब्द नाहीत, नुसते सूर. गर्दी ती परत म्हणते. तो अवघड करतो, गर्दी तेही म्हणते. मग एक सूर लांबवतो, लांबवतो... आणि गर्दी तोही लांबवते. शेवटी तो हसतो. दर वेळी इथे माझ्या अंगावर काटा येतो. इतके दिवस मला वाटायचं, स्टेजवर आपण किती भारी वाजवतो ते लोकांना दाखवायचं असतं. इथे तर तो लोकांनाच दाखवत होता, की तुम्ही किती भारी गाता!

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. वेम्बलीचं ते जुनं स्टेडियमही पाडलं गेलं. व्हिडिओ मात्र आमच्या विंगच्या प्रत्येक लॅपटॉपवर आहे.

तर मंडळी, यंदाच्या गॅदरिंगला आम्ही पुन्हा येतोय. चारच गाणी, वीस मिनिटं, सोलो आठ सेकंदांचा. तालीम घड्याळ लावून चालू आहे. मेसच्या काकांनाही टाळी शिकवून ठेवलीय. मागच्या आठ रांगांनी फक्त जागेवर बसून राहावं, ही नम्र विनंती.