पहिला तास बाजारात

थायलंडच्या उत्तरेतलं चियांग माय हे 1296 साली राजा मांगराईने वसवलेलं शहर. जुन्या गावाभोवतीच्या चौकोनी खंदकात अजून पाणी आहे आणि त्याच्या आतबाहेर गल्लोगल्ली स्वयंपाक शिकवणाऱ्या शाळांच्या पाट्या दिसतात. पाहुण्यांना थाई स्वयंपाक शिकवण्याची ही रीत इथे रुजली ती 1993 साली सोम्पोन नाब्नियान यांनी काढलेल्या शाळेपासून. आता अर्ध्या दिवसाचे, दिवसभराचे, शेतावरचे असे नाना वर्ग आहेत. क्रम मात्र बहुतेक ठिकाणी तोच, आधी बाजार आणि मग चूल.

या शाळांचं खरं मोल मला बाजारातल्या त्या पहिल्या तासात दिसतं. जुन्या गावाच्या ईशान्येला असलेल्या सोम्फेत बाजारात सकाळी शिक्षिका टोपली घेऊन पुढे चालतात आणि एकेक जिन्नस मोडून, चुरगाळून हातावर ठेवतात. गवती चहाची पात आपण चहात टाकतो. इथे पात छाटून खालचा पांढरा दांडा घेतात. कोथिंबिरीची जुडी निवडताना आपण मुळं आधी उडवतो. इथे जुडी मुळांसकट विकली जाते, कारण ती मुळं, लसूण आणि मिरी एकत्र कुटून केलेलं वाटण कितीतरी पदार्थांच्या बुडाशी असतं. आल्यासारखं दिसणारं ‘खा’ म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात वाळलेलं मिळतं ते कुलिंजन. त्याच्या जागी आलं घातलं, तर ‘तोम खा’ हे नारळाच्या दुधातलं सूप जमणारच नाही.

मसाल्यांच्या दुकानात मालवण-गोव्याकडच्या माणसाने ‘मखवेन’ मागून पाहावं. उत्तर थायलंडच्या ‘लाब’मध्ये, म्हणजे मसालेदार खिम्यात, ही फळं घालतात. ती तिरफळाच्याच वंशातली आहेत. वास घेतला की बांगड्याची आमटी आठवलीच पाहिजे! मिरची मात्र दोन्हीकडे परकी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारामुळे ती आशियात पसरली.

शाळेत परतल्यावर प्रत्येकापुढे दगडी खल येतो. हिरव्या करीचं वाटण करायचं तर आधी भाजलेले धणे, जिरं आणि मिरी कुटून बाजूला काढायची. मग मिरच्या मिठासोबत कुटायच्या. खड्यांमुळे त्या लवकर चिरडतात. त्यानंतर गवती चहा, कुलिंजन आणि मक्रूत लिंबाची साल असे चिवट जिन्नस. लसूण आणि छोटे कांदे पाणी सोडतात, म्हणून त्यांचा नंबर नंतर. कोळंबीची आंबवलेली चटणी, ‘कापी’, सगळ्यात शेवटी. हात भरून येतात, पण मिक्सरमध्ये का करत नाहीत ते पुढच्या पायरीवर कळतं. नारळाचं घट्ट दूध कढईत आटवून तेल सुटू द्यायचं आणि त्या तेलात वाटण परतायचं. मिक्सरला पाणी लागतं आणि पाणी असलेलं वाटण परतलं जात नाही, नुसतं उकळतं. वास सुटला की पातळ दूध.

काही वर्गांत वाटण आयतं वाटीत देतात. वेळ वाचतो खरा, पण मग शिकायला उरतं काय? घरी नेण्यासाठी मिळणाऱ्या पुस्तिकेतल्या पाककृती कुठेही सापडतील. कुटताना प्रत्येक टप्प्यावर बदलत जाणारा वास पुस्तिकेत सापडत नाही.

म्हणून जायचं तर सकाळचा वर्ग घ्या आणि नाव नोंदवतानाच दोन गोष्टी विचारा: बाजारात नेणार का आणि वाटण स्वतः कुटायला देणार का. शाकाहारी असाल तर माशाचा सॉस आणि कापी नको, हेही तेव्हाच सांगा. बहुतेक शाळा सोया सॉसवर तेच पदार्थ शिकवतात. कांदा-लसूणही चालत नसेल तर ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो लिहिलेला दिसला की तिथल्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण यांपैकी काहीही नसतं.