गाडीच्या पोटात (भाग 9) : चिमट्यातल्या सुया

मागच्या भागात शॉक अॅब्सॉर्बर उघडून पाहिला. पण शॉक नवा घातला, तरी खड्ड्यात मागून 'खट्' असा आवाज येतच राहिला, तर संशय सांध्यांवर घ्यायचा. मागचं चाक जमिनीवरून उचला, टायर दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ढकला. एक्सल घट्ट, चाकाची बेअरिंगं ठीक, आणि तरीही प्ले जाणवतोय? मग चिमटा (स्विंगआर्म) जिथे चेसीला जोडलेला असतो तिथलं बेअरिंग गेलेलं आहे. मोनोशॉकखाली लिंकेज असेल तर तिथेही असेच तीन-चार सांधे असतात. 1980 च्या आसपास कावासाकीचं युनि-ट्रॅक, होंडाचं प्रो-लिंक आणि सुझुकीचं फुल फ्लोटर आलं, तेव्हापासून हे सांधे वाढले. आपल्याकडे रॉयल एनफील्डच्या 2016 च्या हिमालयनने लिंकेज घरोघरी नेलं.

बऱ्याच गाड्यांत या सांध्यांत निडल बेअरिंग असतं, म्हणजे सुईसारखे बारीक रोलर. मोटरच्या शाफ्टवर हे बेअरिंग उत्तम चालतं, कारण तिथे प्रत्येक सुई गरगर फिरते आणि फिरताना ग्रीस आपल्यासोबत ओढते. चिमटा मात्र दाराच्या बिजागरीसारखा थोडासाच वर-खाली होतो. सुई पूर्ण फेरी कधी मारतच नाही. ती त्याच जागी पुढे-मागे होत राहते, ग्रीस दोन्ही बाजूंना ढकलते आणि स्वतः कोरडी पडते. त्यात पावसाचं पाणी सीलमधून शिरलं की काम तमाम. बोल्ट काढल्यावर आतून तांबडी पूड सांडते आणि स्लीव्हवर, म्हणजे सुया जिच्यावर फिरतात त्या आतल्या नळीवर, समान अंतरावर बारीक चरे दिसतात. एकेक सुई जिथे बसून राहिली तिथे एकेक चरा.

दर वर्षी उघडून ग्रीस भरलं तर हेच बेअरिंग वर्षानुवर्षं टिकतं, हे आधी मान्य करू. कंपनीचं बेअरिंग मिळत असेल आणि परवडत असेल तर तेच घाला. पण जुन्या किंवा परदेशी गाडीचा भाग मिळेनासा होतो, तेव्हा लेथवर प्लास्टिकचे बुश करून घेणं हा काही अडाणी जुगाड नव्हे. हळू, थोडंसं आणि पुढे-मागे हलणाऱ्या सांध्याला साधा बुश सुयांपेक्षा जास्त मानवतो, कारण भार बारीक रेषांवर न येता पसरट भागावर येतो. गंमत म्हणजे यामाहाच्या एक्सएस-650 ला कारखान्यातूनच प्लास्टिकचे बुश यायचे, आणि हौशी मंडळी ते काढून ब्राँझचे घालायची!

भाराचा हिशेब सोपा आहे. मागच्या चाकावर 150 किलो आणि लिंकेजचं गुणोत्तर अडीच धरलं, तर शॉकच्या सांध्यावर सुमारे 375 किलो, म्हणजे 3,700 न्यूटन. 20 मिमी आतला व्यास आणि 20 मिमी लांबी असे दोन बुश असतील तर भार पेलणारं क्षेत्रफळ 800 चौरस मिमी. दाब निघाला चौरस मिमीला साडेचार न्यूटनच्या आसपास. खड्ड्यात तो क्षणभर तिप्पट झाला तरी चांगलं डेल्रिन, म्हणजे अशा बुशांसाठीचं टणक प्लास्टिक, पेलतं.

चांगलं डेल्रिन, हे महत्त्वाचं. दुकानात पांढरा रॉड मागितला की डेल्रिन म्हणून नायलॉन हातात पडू शकतो. ओळखायचं कसं? पेलाभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, ढवळा आणि रॉडचा छोटा तुकडा सोडा. नायलॉन तरंगेल, डेल्रिन तळाशी जाईल. मिठाच्या त्या पाण्याची घनता 1.2 असते, नायलॉनची 1.14 आणि डेल्रिनची 1.41. जाळून पाहण्याच्या फंदात पडू नका, डेल्रिन जळताना फॉर्मल्डिहाइडचा विषारी वायू सुटतो.

एवढा आग्रह पाण्यामुळे. नायलॉन हवेतली ओल पितो आणि फुगतो, डेल्रिन जवळपास पीत नाही. बुश बाहेरून धातूच्या घरात कोंडलेला असल्यामुळे फुगायला आतच जागा असते, आणि त्याचा बोअर लहान होतो. जानेवारीत मोकळा हलणारा नायलॉनचा बुश कोकणातल्या जुलैत स्लीव्हला आवळून धरेल. उष्णतेचंही तेच, कारण डेल्रिन लोखंडाच्या नऊ-दहापट प्रसरण पावतं. बाहेरून 26 आणि आतून 20 मिमीचा बुश 30 अंशांनी तापला तर बोअर साधारण 0.04 मिमीने घटतो. म्हणून ब्राँझला देतो तेवढा चोख फिट इथे द्यायचा नाही, 0.08 ते 0.1 मिमी सूट ठेवायची. एवढ्याने गाडी डुलेल अशी भीती वाटते. पण बुशांमधलं अंतर 200 आणि चिमट्याची लांबी 550 मिमी धरली, तर चाकापाशी होणारी हालचाल जेमतेम पाव मिलिमीटर भरते.

बुश घरात घट्ट बसायला बाहेरचा व्यास 0.1 मिमी जास्त ठेवा. तो ठोकत बसू नका. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेला बुश 0.1 मिमीच्या पुढे आकसतो आणि सकाळी अंगठ्याने दाबला तरी आत सरकतो. पण तो पुन्हा फुलला की बोअर लहान होणारच. त्यामुळे शेवटचा रीमर बुश बसवल्यानंतर मारायचा, आधी नाही. लेथवाला "आधीच करून देतो" म्हणेल. ऐकू नका.

माझ्या मते सगळं काम बिघडतं ते स्लीव्हवर. नवा बुश आणि जुनी चरे पडलेली स्लीव्ह म्हणजे बुशाला कानस लावणं. हार्ड क्रोमचा रॉड घेऊन स्लीव्ह नवीच करा. तिची लांबी बुशापेक्षा, कॉलर धरून, 0.2 मिमी जास्त हवी. बोल्ट आवळल्यावर चेसीने स्लीव्हला घट्ट धरायचं असतं, प्लास्टिकला नाही. स्लीव्ह आखूड पडली तर बोल्टचा सगळा दाब बुशावर जातो, चिमटा जड होतो, मग कुणीतरी बोल्ट थोडा सैल करून ठेवतं आणि धोका तिथून सुरू होतो. परीक्षा एकच. शॉक न जोडता बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा आणि चिमटा उचलून सोडा. तो आपल्या वजनाने खाली आला पाहिजे, आणि बाजूला हलता कामा नये.

पहिल्यांदा करत असाल तर लिंकेजपासून सुरुवात करा. तिथे थोडं चुकलं तर आवाज येईल. चिमट्याच्या मुख्य सांध्यात चुकलं तर वळणावर गाडीचं मागचं टोक भलतीकडे जाईल.

पावसाळा संपला की बोल्ट काढून स्लीव्ह पुसून पाहा. घासल्याचा चकाकता पट्टा दोन्ही टोकांना विरुद्ध बाजूंना दिसला, तर दोन्ही बोअर एका रेषेत नाहीत, ते पुन्हा एकाच सेटिंगमध्ये रीम करावे लागतील. पट्टा सरळ असेल तर ग्रीस लावा आणि बंद करा. पुढच्या भागात चेन आणि स्प्रॉकेट.