मासळीच्या फेरीला वाहन कोणते घ्यावे?



कॅनडासारख्या उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात तळी गोठतात. त्या गोठलेल्या पाण्यात भोक पाडून लोक मासे धरतात. तिथवर जायला त्यांच्याकडे एक खास गाडी असते. पुढे घसरण्यासाठी दोन पट्ट्या आणि मागे फिरणारा रुंद पट्टा, अशी तिची ठेवण. क्यूबेक प्रांतातल्या बोंबार्डिए नावाच्या गृहस्थाने 1959 साली अशी लहान गाडी 'स्की-डू' या नावाने बाजारात आणली. आपल्याकडे गुलमर्गला हौशी प्रवासी अशा गाडीत बसतात.

तुम्ही म्हणाल, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या माणसाला तिचे काय? गाडी आपल्या कामाची नाही, हे खरेच. पण ती घेताना तिकडचा मच्छीमार जे प्रश्न विचारतो, ते आपल्या कामाचे आहेत. घट्ट बर्फ चार इंच जाड असला तर माणूस पायी जाऊ शकतो; गाडी न्यायची तर पाच ते सात इंच लागतो. म्हणून तो आधी बर्फ मोजतो, मग ओझे मोजतो, आणि मग गाडी बघतो. आपण नेमके उलट करतो. आधी गाडी बघतो, आणि तीही शेजाऱ्याची!

हे मी उगीच म्हणत नाही. माझा एक जुना विद्यार्थी भामा-आसखेड धरणाच्या काठचा. घरचा धंदा मासेमारीचा. कटला, रोहू, चिलापी धरायची आणि आंबेठाणवरून चाकणला आणायची. दुसऱ्याच्या गाडीचे भाडे परवडेना, म्हणून त्याने कर्ज काढून मोठी चारचाकी घेतली. पहिल्या हप्त्याला आईच्या पाटल्या मोडल्या. पेढे घेऊन माझ्याकडे आला, तेव्हा मी विचारले, "रोज मासळी किती निघते रे?" तो म्हणाला, "सर, चाळीसेक किलो." मी गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवे होते, ते आज बोलतो आहे.

पहिला हिशोब ओझ्याचा. मासळीचे वजन म्हणजे ओझे नव्हे. तिच्यासोबत बर्फ येतो. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. 28 अंशांवरची 150 किलो मासळी शून्यावर आणायची, तर तेवढ्यालाच 42 किलो बर्फ लागतो. पुढे वाटेतले ऊन, पेटीतून आत शिरणारी उष्णता आणि गिऱ्हाईक येईपर्यंतचा वेळ. म्हणून आपल्या उष्ण मुलखात मासळी तेवढाच बर्फ, हे प्रमाण धरावे. 150 किलो मासळी, 150 किलो बर्फ, 40 किलोच्या पेट्या आणि दोन माणसांचे 120, असे 460 किलो झाले. शाळेतल्या गुरुजींनी हे गणित जरूर फळ्यावर मांडावे. मुले घरी जाऊन वडिलांना सांगतील.

आता वाहन. आर.सी. बुकात दोन वजने लिहिलेली असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे. दोहोंतला फरक हीच गाडीची ताकद, आणि माणसांचे वजनही त्यातच धरावे. हौद्यात जागा आहे म्हणून माल भरू नये. दहा-वीस किलो मासळीला मोटरसायकल आणि मागे पेटी पुरते. अर्ध्या टनाच्या आतबाहेर तीनचाकी. त्याहून जास्त असेल तर लहान चारचाकी. 2005 साली पुण्यातून निघालेली आणि 'छोटा हत्ती' म्हणून गावोगाव ठाऊक झालेली टाटा एस पाऊण टन मालासाठी बांधली होती. आपण सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्दही इथलाच झाला आहे. 1958 साली जर्मनीतल्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनी निघाली, आकुर्डीला नांदली, आणि 2005 साली तिचे नाव फोर्स मोटर्स झाले. गाड्या आपल्या दारात बनतात. पण दारात बनते म्हणून ती आपल्या धंद्याला लागू पडतेच, असे नाही.

दुसरा हिशोब रस्त्याचा. उन्हाळ्यात धरणाचे पाणी मागे सरकते आणि मध्ये गाळ उघडा पडतो. तिथे गाडी घालू नये. डांबरी रस्त्यापर्यंत माल डोक्यावर किंवा मोटरसायकलवर आणावा. उंच माल भरलेली तीनचाकी उतारावर झटक्याने वळवली तर कलंडते. आणि चाकणची गर्दी विसरू नका. आंबेठाण चौकात किंवा तळेगाव चौकात शिफ्ट सुटण्याच्या वेळी अडकलात, तर बर्फ तुमची वाट बघत नाही.

तिसरा हिशोब पेटीचा. उघड्या हौद्यापेक्षा थर्माकोल बसवलेली, झाकणाची पेटी हवी. तळाशी बर्फ, मग मासळी, पुन्हा बर्फ, असे थर द्यावेत. तळाला पाणी जायला भोक ठेवावे आणि त्याला नळी लावून ती गाडीबाहेर काढावी. नाही तर ते पाणी हौद्याचा पत्रा खाते. मुक्कामाला पोचल्यावर हौदा रोज धुवावा.

चौथा हिशोब हप्त्याचा, आणि माणूस फसतो तो इथेच. समजा, महिन्याचा हप्ता 9,000 रुपये. 25 फेऱ्या झाल्या तर फेरीला 360 रुपये पडले. 40 किलो मासळीवर ते वाटले, तर किलोला 9 रुपये. पावसाळ्यात 8 फेऱ्या झाल्या, की फेरीला 1,125 आणि किलोला 28 रुपये! डिझेल, बर्फ, विमा वेगळेच. पाऊस पडतो म्हणून हप्ता थांबत नाही. तेव्हा हप्ता ठरवताना पावसाळ्याचा महिना धरावा, दिवाळीचा नव्हे.

माझ्या विद्यार्थ्याला हे दुसऱ्या पावसाळ्यात कळले. गाडी तोट्यात विकली. पण पोरगा खचला नाही. आसपासची तीन घरे गोळा केली, चौघांची मिळून 150 किलोच्या घरात मासळी होऊ लागली, आणि चौघांत एक तीनचाकी घेतली. आता वरचाच हप्ता धरला, तरी भर हंगामात किलोला 2 रुपये 40 पैसे, आणि पावसात साडेसात रुपये पडतात. पाळी कोणाची, गाडी बिघडली तर खर्च कोणाचा, हे त्यांनी वहीत लिहून चौघांच्या सह्या घेतल्या आहेत. लिहून ठेवले म्हणून अजून भांडण नाही.

पाटल्या मात्र परत आल्या नाहीत. म्हणून, मंडळी, गाडीच्या दुकानात जाण्याआधी महिनाभर रोजची मासळी वहीत लिहा, बर्फ लिहा, फेऱ्या लिहा. ती वही बरोबर घेऊनच दुकानाची पायरी चढा. विकणारा गाडीचे गुण सांगेल, ते ऐकून घ्या. पण आपली गरज त्याला विचारू नका. ती तुमच्या वहीत आहे.