वेदनाशामक गोळ्या आणि जुनी चिठ्ठी

हार्बर मार्गावरील रे रोड स्टेशनांतून बाहेर पडून दारूखान्याच्या बाजूस वळलें, कीं लोखंडाच्या वखारी लागतात. पत्रे व सळया उचलून माथाडी कामगाराची पाठ भरून येते. खाडा करावा तर मजुरी बुडते. मग पूर्वीं कधीं तरी डॉक्टरांनीं लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन तो औषधाच्या दुकानीं जातो. गोळी मिळते, दुखणें थांबतें आणि काम पुढें सुरू होतें. श्रोतेहो, आपल्या सुशिक्षित घरांतूनहि निराळें कांहीं घडत नाहीं. तेथें गुडघा दुखत असतो आणि चिठ्ठी कपाटाच्या खणांत जपून ठेवलेली असते, एवढेंच. ती चिठ्ठी ज्या दिवशीं लिहिली, त्या दिवसाच्या प्रकृतीपुरतीच ती खरी होती.

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन हीं या वर्गांतील नेहमींचीं नांवें. शरीरांत प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होतात व त्यांच्या योगानें सूज आणि वेदना वाढतात. ॲस्पिरिनसारखीं औषधें हीं द्रव्यें तयारच होऊं देत नाहींत, असें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखविलें. परंतु हींच द्रव्यें जठराच्या अस्तराचें रक्षण करतात. आणि अंगांतील पाणी घटलें असतां मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाहि तींच टिकवून धरतात. यास्तव घामानें निथळलेल्या हमालाला जी गोळी बाधते, तीच रक्तदाबाकरितां लघवी वाढविणारें औषध घेणाऱ्या आजोबांनाहि बाधूं शकते. चिठ्ठी लिहिली तेव्हां कदाचित् त्यांना रक्तदाब नव्हताच!

या औषधाचा मूत्रपिंडावर केवढा आघात होऊं शकतो, याचें एक विलक्षण उदाहरण आपल्या देशांतच घडलें. गेल्या शतकाच्या अखेरीस भारतांतील गिधाडें झपाट्यानें नाहींशीं झालीं. मुंबईंत मलबार हिलवरील पारशी समाजाच्या डुंगरवाडीलाहि त्यांची उणीव भासली. जनावरांना दिलेलें डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाई आणि त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. २००६ सालीं पशूंसाठीं हें औषध बंद झालें. तरी माणसांकरितां असलेल्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळत राहिल्या; म्हणून २०१५ सालीं कुपी एका मात्रेपुरतीच करावी लागली. मनुष्य गिधाडाइतका नाजूक नाहीं, हें खरें. म्हणूनच डॉक्टर हें औषध देऊं शकतात, पण मोजून आणि थोडे दिवस.

तेव्हां डॉक्टरांना न विचारतां सांगावें: पूर्वीं जठरव्रण झाला होता काय, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे काय, रक्त पातळ ठेवणारें औषध चालू आहे काय, स्त्री गर्भवती आहे काय. गोळी सहसा जेवणानंतर घ्यावी. शौचास डांबरासारखें काळें होणें, लघवी कमी होणें, पाय सुजणें, दम लागणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास गोळी थांबवून त्वरित दवाखाना गांठावा. पावसाळ्यांतील तापांत डेंग्यू नाहीं अशी खात्री होईपर्यंत या वर्गांतील गोळ्या घेऊं नयेत. रक्तस्राव वाढण्याचें भय असतें.

आणखी एक चूक फार घरांतून होते. दुखण्याच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलें असतें, आणि तापासाठीं म्हणून तेंच पुन्हां वेगळें घेतलें जातें. प्रौढ माणसानें चोवीस तासांत सर्व मिळून चार ग्रॅमच्या पलीकडे जातां कामा नये; कृश किंवा मद्यपी माणसाची मर्यादा त्याहूनहि कमी. यास्तव पाकिटावरील ठळक नांवापेक्षां खालचीं बारीक अक्षरें वाचावींत.

ट्रॅमाडॉल हें निराळ्या जातीचें औषध. त्यानें झोंप येते, मद्यासह तें घातक ठरतें, आणि बरेच दिवस घेतल्यावर एकाएकीं सोडतां येत नाहीं. २०१८ सालीं तें अमली पदार्थांच्या कायद्याखालीं आणलें गेलें. याच्या उलट मॉर्फिनची भीति मात्र आपण वाजवीपेक्षां अधिक बाळगतों. परळचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. तेथें येणाऱ्या कर्करोग्याच्या असह्य वेदनेवर डॉक्टरांनीं मॉर्फिन लिहून दिलें, तर व्यसनाच्या धास्तीनें तें नाकारून त्याला कळवळत ठेवूं नये. डॉक्टरांनीं ठरविलेल्या वेळीं तें द्यावें, मात्रा आपल्या मनानें बदलूं नये आणि डबी मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशी कुलुपांत ठेवावी.