बाराव्या नमुन्यात न उतरलेले पीक

हिंजवडी म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काचेच्या इमारती आणि वाहनांची खोळंबलेली रांग उभी राहते. परंतु औद्योगिक विकास महामंडळाने येथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान वसविण्यापूर्वी हे मुळशी तालुक्यातील एक शेतकरी गाव होते, आणि चैत्रात म्हातोबाच्या बगाडापुढे जी गर्दी लोटते तिच्यातील कित्येकांच्या घरी भातखाचरांची आठवण अद्याप पुसलेली नाही. जमीन जाण्याचे दुःख या तालुक्याला नवे नव्हे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी जो सत्याग्रह आरंभिला, ज्याच्या अग्रभागी पुढे सेनापती बापट उभे राहिले, तो याच तालुक्यातला.

अशा गावी सातबारा हा शब्द देवाच्या नावाइतक्याच गंभीरपणे उच्चारला जातो. सातव्या नमुन्यात कब्जेदाराचे नाव, बाराव्यात पिकाची नोंद. फेरफार झाला की नाव बदलते, पाहणी झाली की पीक बदलते. मात्र तीन पिढ्यांनी शेणखत घालून, बांध राखून जमिनीत जो कस साठविला, त्याला महसुली दप्तरात रकानाच नाही, आणि म्हणूनच, माझ्या मते, त्याचा मोबदलाही कोणी आजवर मोजलेला नाही.

हा रकाना प्रत्यक्षात कसा भरतो हे पाहावयाचे तर हिंजवडीहून उत्तरेस, जुन्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाशी जावे लागते. उंबरगाव तालुक्याचा बराच भाग १९६० साली द्विभाषिक राज्य मोडले तेव्हा गुजरातेत गेला. सातबारा मात्र दोन्हीकडे चालू राहिला, कारण मुंबई इलाख्याच्या महसुली परंपरेची ती सामायिक मिळकत होती. तेथील देहरी गावी भास्कर सावे यांची चौदा एकरांची ‘कल्पवृक्ष’ बाग आहे. सावे १९२२ साली, म्हणजे मुळशीचा सत्याग्रह चालू असताना जन्मले. काही काळ त्यांनी प्राथमिक शाळेत अध्यापन केले. घरच्या शेतीत प्रथम रासायनिक खतांचा त्यांनी इतक्या उत्साहाने अवलंब केला की त्यांच्याकडे खताची विक्रीही होती. पुढे खर्च वाढत चालला आणि जमिनीचा प्रतिसाद मंदावला, तेव्हा हा हिशेबी गृहस्थ गांधी-विनोबांच्या विचाराकडे जितका श्रद्धेने वळला तितकाच जमाखर्चाच्या वहीने वळविला गेला असावा, असे मला वाटते.

सुमारे दहा एकरांत नारळ आणि चिकू यांची मिश्र बाग, दोनएक एकरांत नवाबी कोलम भात, कडधान्ये व भाजीपाला यांचा फेरपालट, आणि उरलेल्यात नारळाची रोपवाटिका, अशी तेथील मांडणी. चिकू हा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा पाहुणा. आज डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, इतका तो या किनाऱ्याचा झाला. सावे यांचे खरे कौशल्य काळाच्या मांडणीत होते. त्यांनी पिकांची अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी अशी विभागणी केली: वेल, भाज्या आणि कडधान्यांनी आरंभी जमीन झाकावी व घरखर्च चालवावा, मग केळी-पपईने मधली वर्षे सांभाळावीत, आणि तोवर नारळ-चिकूंनी आपली सावली धरावी, म्हणजे बापाला पोट भरण्यासाठी मुलाच्या वाट्याचे झाड तोडावे लागत नाही.

पाण्याचा विचारही तितकाच मूलगामी होता. मुळांना पाणी नव्हे, वाफसा हवा, अर्थात ओलावा आणि हवा एकत्र, हे तत्त्व धरून त्यांनी झाडांच्या ओळींमध्ये चर खणले, झाडांखालची माती उंच केली, आणि पाणी बुंध्यापाशी न सोडता चरांतून फिरविले, जेणेकरून मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर पसरावीत. पालापाचोळा जागीच कुजू द्यावयाचा, तण उपटून फेकण्याऐवजी आच्छादन म्हणून वापरावयाचे, आणि नांगरट गांडुळांवर सोपवावयाची. एका नारळामागे वर्षाला साडेतीनशेहून अधिक फळे मिळत, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदविले आहे. आकडा क्षणभर बाजूला ठेवला तरी जपानचे नैसर्गिक शेतीचे आचार्य मासानोबु फुकुओका यांनी ही बाग पाहून तिला जगातील सर्वोत्तम बागांत गणले, ही साक्ष हलकी नव्हे. २००६ साली सावे यांनी राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष एम. एस. स्वामिनाथन यांना खुले पत्र लिहून हरितक्रांतीचा जाब विचारला; वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी असे पत्र लिहिण्यास नुसती विद्वत्ता पुरत नाही, पाठीशी पिकते शिवार लागते. आंतरराष्ट्रीय सेंद्रिय शेती महासंघाने २०१० मध्ये त्यांना जीवनगौरव दिला. २०१५ साली ते निवर्तले. बाग कुटुंबातील पुढच्या पिढ्यांनी चालविली.

आता पुन्हा हिंजवडीकडे. भूसंपादनाच्या रकमेतून दुसऱ्या एखाद्या तालुक्यात जमीन घेणाऱ्याला सातव्या नमुन्यातले नाव महिन्या-दोन महिन्यांत मिळेल; घरच्या खाचरातला कस मात्र त्याच्याबरोबर येणार नाही. पहिल्या पावसात त्याला वाल-मूग टोचून, उघडी पडलेली माती झाकूनच आरंभ करावा लागेल, आणि नारळाची रोपे लावताना त्यांच्या फळांचा हिशेब तूर्त कोऱ्या पानावर ठेवावा लागेल.