सेट गप्प का होतो?

यंत्रांची निगा : भाग आठवा

मागच्या आठवड्यात आपण विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पाहिला. आजचे यंत्र त्याहून लहान, कमरेला अडकवून फिरवायचे : वॉकी-टॉकी. आपल्या बीड जिल्ह्यात हा सेट कुणाकुणाच्या हातात असतो, आठवून पाहा. महाशिवरात्रीला परळीत वैद्यनाथाच्या दर्शनबारीवर उभा असलेला पोलीस, परळीच्याच औष्णिक केंद्रात कोळशाच्या बेल्टवर नजर ठेवणारा कर्मचारी, साखर कारखान्याच्या केनयार्डात उसाच्या गाड्यांचे नंबर लावणारा, आणि १७ सप्टेंबर २०२५ला अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाल्यापासून बीडच्या फलाटावर उतरणारा गार्ड. गार्डला रेल्वे आता ट्रेन मॅनेजर म्हणते. कामे वेगवेगळी, पण सेट बंद पडण्याची कारणे बहुतेक सारखीच.

दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही विचारा. ‘बंद पडला’ म्हणून आलेल्या सेटपैकी बहुतेकांच्या आतल्या सर्किटला काहीही झालेले नसते. बॅटरी दमलेली असते, अँटेना बुडाशी तुटलेला असतो, जाळीत धूळ बसलेली असते, नाहीतर चॅनेलची खुंटी एक घर सरकलेली असते. एकाच चॅनेलवरच्या गटांना वेगळे ठेवण्यासाठी सेटमध्ये एक बारीक, कानाला न जाणवणारा टोन भरलेला असतो. दोन सेटचे टोन जुळले नाहीत, तर चॅनेल एकच असूनही एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. हे सगळे सेट न उघडता कळते. म्हणून या भागात माझे सांगणे एकच आहे : सेटचे बाहेरचे अंग वापरणाऱ्याने मन लावून सांभाळावे आणि आतल्या अंगाला मीटर व माहिती असलेल्यानेच हात लावावा.

सेटला दोष देण्याआधी जागा बघा. बालाघाटाच्या रांगांनी आपला जिल्हा वर-खाली दोन भागांत वाटला आहे. बीड शहर बिंदुसरेच्या खोऱ्यात, तर मांजरसुंबा गाव घाटाच्या माथ्यावर. गेवराई-माजलगावची गोदाकाठची सपाटी वेगळी, पाटोदा-धारूरचा डोंगरपट्टा वेगळा. या सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. सपाट रानात दोघांनी छातीच्या उंचीवर सेट धरला, तर हिशेबाने दोघांमध्ये दहा किलोमीटरचे अंतर चालते. झाडे, घरे, उंचवटे यांमुळे प्रत्यक्षात ते दोन-चार किलोमीटरवर येते. उलट भोवतालच्या रानापेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर उभे राहिलात, तर तुमचे क्षितिजच चाळीस किलोमीटरवर जाते. घाटाच्या पोटात आवाज तुटत असेल, तर सेट ठणठणीत असण्याचीच शक्यता अधिक. चार पावले उघड्यावर या, सेट उभा धरा आणि पुन्हा बोलून बघा. ताकद वाढवून फारसे हाती लागत नाही. एक वॅटचे पाच वॅट केले तरी पल्ला पाचपट होत नाही, दीड ते सव्वादोन पटच होतो. बॅटरी मात्र भराभर उतरते.

बॅटरीवर थोडे थांबू, कारण निम्मी दुखणी तिथली आहेत. हातातल्या सेटची बॅटरी हल्ली बहुधा ७.४ व्होल्टची लिथियम-आयन असते. सेट नुसता चालू असताना तो साधारण ५०-७० मिलिअँपिअर करंट ओढतो. बोलण्याचे बटण दाबले की पाच वॅटचा सेट दीड अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे वीस-तीस पट. कंपनी माहितीपत्रकात ‘बारा तास’ लिहिते, तेव्हा तिने एक हिशेब धरलेला असतो : शंभरातला पाच भाग वेळ बोलणे, पाच भाग ऐकणे, नव्वद भाग नुसते थांबणे. यात्रेच्या बंदोबस्तात कुणी असा बोलतो का? बोलणे वीस टक्क्यांवर गेले की बारा तासांचे चार-पाच तास होतात. बॅटरी खराब झाली म्हणून तक्रार करण्याआधी हे गणित करावे आणि मोठ्या दिवशी प्रत्येक सेटमागे एक भरलेली जादा बॅटरी ठेवावी.

जुन्या लोकांची एक सवय अजून सुटलेली नाही : बॅटरी पूर्ण उतरवायची आणि मगच चार्जिंगला लावायची. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटरीला ती सवय मानवत होती. लिथियमला तीच सवय घातक आहे. पार रिकामी करून महिनाभर कपाटात ठेवलेली लिथियम बॅटरी पुन्हा उठेलच असे नाही. हंगाम संपल्यावर सेट बाजूला ठेवायचे असतील, तर बॅटरी सेटमधून काढा, निम्मी भरलेली ठेवा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद जीपच्या डॅशबोर्डवरची उष्णता त्याच्याही कितीतरी पुढे जाते. तिथे विसरलेली बॅटरी एका उन्हाळ्यात म्हातारी होते. उन्हात तापलेली बॅटरी तशीच चार्जरवर चढवू नये, आधी सावलीत निवू द्यावी. चार्जिंगच्या वेळी सेट बंद ठेवावा आणि चार्जरमध्ये बसलेल्या सेटवरून बोलू नये. बाजारात दोनशे रुपयांत मिळणारा बिननावाचा अडॅप्टर लावून चार हजारांचा सेट पणाला लावण्यात शहाणपण नाही.

बॅटरी लावताना तिच्या पाठीवरच्या पितळी-सोनेरी पट्ट्या नीट पाहा. चांगल्या असतील तर चकाकतात. घाम, धूळ आणि कारखान्यात उसाच्या रसाचा हात लागून त्यांच्यावर तपकिरी, चिकट थर बसतो. मग सेट खिशात हलला की बंद होतो, हातात घेतला की चालू होतो, आणि माणूस समजतो की आत काहीतरी सुटले आहे. कापूस गुंडाळलेल्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या आणि पट्टी एकाच दिशेने पुसा. काडी काळी निघेल. दुसरी घ्या. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसा, मग सेटच्या बाजूच्या स्प्रिंगच्या पट्ट्याही तशाच पुसा आणि दोन मिनिटे वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि पट्टी पुन्हा दुप्पट वेगाने काळवंडते. पेट्रोल किंवा थिनर तर लावूच नका, त्याने प्लास्टिकला बारीक तडे जातात.

अँटेना पकडून सेट उचलायची सवय फार जणांना आहे. १५० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दोन मीटर, तिचा पाव म्हणजे अर्धा मीटर. तेवढी तार रबरात गुंडाळून, वेटोळी करून बोटभर-वीतभर केलेली असते. सेट अँटेनाने झुलवला की ही वेटोळी बुडाशी सुटतात. बाहेरून रबर शाबूत दिसते, पल्ला मात्र निम्म्यावर येतो. शंका आली तर दुसऱ्या, तशाच सेटचा अँटेना लावून बघा. एका मिनिटात निकाल लागतो. अँटेना नसताना बोलण्याचे बटण कधीही दाबू नका. बाहेर पडू न शकलेली ताकद मागे फिरते आणि शेवटच्या ट्रान्झिस्टरला जाळू शकते. रबर फाटून तार उघडी पडली असेल, तर अँटेना बदला. बोलताना उघडी तार गालाला किंवा ओठाला लागली, तर बारीक भाजते. सेट तोंडापासून दोन-तीन बोटे दूर, उभा धरावा. आवाज स्पष्ट जातो आणि अँटेना डोळ्यांपासून लांब राहतो.

परळीची राख आणि कारखान्यातली बगॅस (उसाचा चोथा), दोन्ही स्पीकरच्या जाळीत जाऊन बसतात. मऊ ब्रशने झाडावे. कंप्रेसरची हवा मारू नये, आतला माइकचा पडदा फाटतो. सेटवर आयपी ५४, आयपी ६७ असे आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ असेल, तर धूळ पूर्ण अडते आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास सेट टिकतो. पण रबरी झाकणे जागेवर असतील तरच. इअरफोनच्या भोकावरचे तुटलेले झाकण दहा-वीस रुपयांचे वाटते, पण त्याच्याविना ६७ आकड्याला काही अर्थ उरत नाही. सेट पाण्यात पडला, तर कोणतेही बटण न दाबता लगेच बॅटरी काढा आणि सावलीत वाळवा. रस किंवा मळी गेली असेल, तर सुकण्याआधीच कारागिराकडे न्या.

बोलण्याचे बटण अडकणे, हा दोष दिसायला छोटा आहे. यात्रेच्या गर्दीत एका सेटचे बटण दाबलेले राहिले, की तो सेट पूर्ण चॅनेल अडवून बसतो आणि बाकी सगळे मुके होतात. बटण दाबून सोडल्यावर ते टपकन वर येते का आणि वरचा लाल दिवा विझतो का, हे बंदोबस्ताला निघण्याआधी प्रत्येकाने बघावे. बहुतेक सेटमध्ये ठरावीक सेकंदांनी बोलणे आपोआप तोडणारी सोय भरता येते. ती भरून घ्यावीच.

आता सेट उघडण्याकडे येऊ. हातातल्या सेटमध्ये माणसाला धक्का देईल एवढे व्होल्टेज नसते, चार्जरमध्ये असते. आपल्या घरातले २३० व्होल्ट चार्जरच्या आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये काही वेळ टिकतात. म्हणून चार्जर ज्याला त्याला उघडू देऊ नये. सेट उघडणाऱ्याने आधी बॅटरी काढावी, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. आपल्याकडच्या कोरड्या हिवाळ्यात बोटावरची स्थिर वीज चिप मारते आणि ते दिसतही नाही. सोल्डरिंगचा धूर तोंडावर घेऊ नये. खूप जुना सेट असेल, तर एक गोष्ट जपावी : काही जुन्या पॉवर ट्रान्झिस्टरमधली पांढरी चकती बेरिलियम ऑक्साइडची असते. ती फोडली किंवा घासली, तर तिची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. ती तशीच, अखंड बाजूला ठेवावी.

तपासणी हवेत बोलून करायची नसते. अँटेनाच्या जागी ५० ओमचा डमी लोड आणि वॅटमीटर लावला, की ताकद मोजता येते आणि दुसऱ्याचा चॅनेलही अडत नाही. वारंवारता किती सरकली हेही मोजावे. १५० मेगाहर्ट्झवर अडीच पीपीएमची (दहा लाखांत अडीच भाग) सूट म्हणजे फक्त ३७५ हर्ट्झ. हे काम कानाने होत नाही. उघडलेला सेट पुन्हा आवळल्यावर रबरी कडा नीट बसल्या का, याची हवेच्या दाबाने चाचणी करणाऱ्याकडेच पाणीरोधक सेट द्यावा. एकदा उघडून तसाच आवळलेला ६७चा सेट पहिल्या पावसात भिजतो.

दोन ठिकाणी मात्र चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. पहिले, सुरुंगाचे. आपल्याकडे विहिरी काळ्या पाषाणात जातात आणि खडीच्या खाणीही कमी नाहीत. विजेवर उडणारे डिटोनेटर जिथे असतील, तिथे त्यांच्या तारा अँटेनासारख्या वागतात आणि जवळ बोलणाऱ्या सेटची लहर ओढून घेतात. अशा जागी फलक लावलेला असो वा नसो, सेट पूर्ण बंद करून मगच पुढे जावे. दुसरे, ज्वालाग्राही वाफेचे. मोठ्या औष्णिक केंद्रांत जनरेटर थंड करायला हायड्रोजन वापरतात, आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत इथेनॉलची वाफ असते. तिथे ठिणगी पडणार नाही अशा बनावटीचे, प्रमाणित सेटच चालतात. त्यांची बॅटरी त्या जागेत बदलायची नाही, दुसऱ्या कंपनीची लावायची नाही, आणि अनधिकृत हाताने एकदा उघडला की तो सेट त्या कामातून बाद समजायचा.

परवानगीचे दोन शब्द. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी ताकदीचे सेट परवान्याशिवाय चालतात. बाकी बहुतेक वारंवारता दूरसंचार विभागाच्या परवान्याने मिळतात. पोलीस, रेल्वे यांचे चॅनेल ठरलेले असतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारा सेट कोणत्याही चॅनेलवर नेता येतो, म्हणून तो नेणे कायदेशीर ठरत नाही. अशा विक्रीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. कारागिरानेही ‘ताकद वाढवून दे, चॅनेल उघडून दे’ असे काम घेऊ नये.

१९९३च्या किल्लारी भूकंपात, नेहमीची साधने कोलमडली तेव्हा हौशी रेडिओचालकांनी संदेश पोचवायला हात दिला होता. असा प्रसंग सांगून येत नाही. म्हणून आजच एक काम करा. तुमच्या संस्थेतल्या, कारखान्यातल्या, देवस्थानातल्या प्रत्येक बॅटरीवर खरेदीचा महिना आणि साल मार्करने लिहा. मग बॅटरी काचेच्या टेबलावर पालथी ठेवा. सपाट बसली तर ठीक. डुगडुगली किंवा पोट वर आलेले दिसले, तर ती फुगली आहे. ती चार्ज करू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे ती पोचवा, आणि तोवर धातूच्या डब्यात, वाळूवर, घराबाहेर ठेवा.

पुढच्या भागात : सौर कुंपणाचे झटका-यंत्र.